दहा पावलांवरचं अक्षर

माझ्या लॅपटॉपवर पाटी काळी आहे, अक्षरं पिवळी आहेत आणि एका ओळीत जेमतेम चार शब्द मावतात. परवा मुलगी दारातूनच म्हणाली, "बाबा, साहेबांकडे सुट्टी मागताय ना? मागा. समोरच्या बिल्डिंगने मंजूर केलीय." ऑफिसातली पोरं माझ्या मागून जाताना डोळ्यांवर हात धरतात. बायको म्हणते, हॉलमध्ये वेगळा दिवा लावायची गरज उरलेली नाही.

मी हसून घेतो. पन्नाशीच्या माणसाने कुठे कुठे भांडायचं? शिवाय ही मांडणी माझी नाहीच. ती आमच्या जुन्या घरमालकांनी, काकांनी, ठरवलेली आहे.

तळेगावात, स्टेशनपासून जरा आत, त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊ वर्षं भाड्याने राहिलो. आता काका नाहीत. घराला नवा रंग लागलाय, पण कंपाउंडच्या भिंतीवर नीट बघितलं तर रंगाखालून अजून वाचता येतं: 'भाडेकरू'.

तो शब्द आमच्यासाठी होता. स्कूटर कुठे लावायची हे मला दोनदा सांगून कळलं नाही, म्हणून काकांनी भिंतीवर वीतभर उंचीची तांबडी अक्षरं उमटवली. मग मीटरवर, मग पाण्याच्या व्हॉल्व्हवर, मग आमच्या कचऱ्याच्या बादलीवर. पोस्टमन आम्हाला त्याच नावाने हाक मारायचा. मुलीने आयुष्यात वाचलेला पहिला शब्द 'आई' नाही, 'बाबा' नाही. बालवाडीत बाईंनी विचारलं, तुझं आडनाव काय, तर तिने ठणकावून सांगितलं, "भाडेकरू."

काका देहूरोडच्या लष्करी डेपोतून रिटायर झालेले. तिथे त्यांचं काम खोक्यांवर अक्षरं काढायचं. पत्र्यात अक्षर कापायचं, तो पत्रा लाकडी खोक्यावर दाबून धरायचा, वरून ब्रश फिरवायचा. चौतीस वर्षं त्यांनी एवढंच केलं, आणि त्यातून त्यांचं जगाबद्दल एक ठाम मत झालं होतं: अक्षर दहा पावलांवरून वाचता आलं पाहिजे.

"गोडाऊनमंदी अंधार असतो साहेब," ते मला सांगायचे. मला ते साहेब म्हणायचे, पण त्यात मान फारसा नसायचा. "मानूस दारातनं बगतो. त्याला वाचता न्हाई आलं, तर बूट मागितलेल्या पलटनीला घमेली जात्यात. मंग घाला घमेली पायात!"

घरात तर दहा पावलं सरळ चालायला जागाच नव्हती. तरी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरं होती. काकूंना त्याचा मनस्वी राग. त्या मुद्दाम 'हळद' लिहिलेल्या डब्यात साबुदाणा भरायच्या. काका डबा उघडून बघत, 'हळद' पुसून 'साबुदाणा' करत. दुसऱ्या दिवशी त्यात शेंगदाणे असत.

"माजं डोळं शाबूत हायेत म्हनावं," काकू माझ्या बायकोला जिन्यात सांगायच्या. "ह्यांच्या अक्षराला काम न्हाई लागलं, म्हून मी डबं बदलायचं व्हय?" आणि पुन्हा डबे बदलायच्या. बरीच वर्षं मला ते भांडण वाटत होतं. आमच्या स्वतःच्या लग्नाला पुरेशी वर्षं झाल्यावर कळलं, की तो खेळ होता.

एका रविवारी काका टाकी बघायला वर आले आणि मी लॅपटॉपवर काम करत बसलेलो त्यांना दिसलो. मी सॉफ्टवेअरवाला. काळ्या पाटीवर बारीक रंगीत अक्षरं ठेवायची आमच्या धंद्यात तेव्हा ऐट होती. काका माझ्या खांद्यामागे येऊन वाकले.

"ह्ये काय?"

"काम करतोय, काका."

"काळ्या म्हशीवं गोमाशा बसल्यात जनू. ह्ये तुमी वाचता?"

"हो."

"मंग तुमचा चष्मा कशानं लागला त्ये कळलं."

मी चिडून त्यांना दाखवायला गेलो, की हे हवं तसं बदलता येतं. सेटिंग्ज उघडल्या. अक्षराचा आकार वाढवला, जाडी वाढवली. फॉन्टची यादी उघडून एकाच ओळीला दहा रूपं देऊन दाखवली. पाटी पांढरी केली, हिरवी केली, दोन ओळींमधली जागा सैल केली. काका खाली बसले. टाकी भरून वाहायला लागली, ती ऐकूनही उठले नाहीत.

"ब्रश न्हाई, रंग न्हाई, पत्रा कापायचा न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला, थोडं दुखावल्यासारखं, "आन् ह्ये इतकी वर्सं तुमी मला सांगितलं न्हाई?"

त्या दिवशी मी त्यांना हेही सांगितलं, की हा साधा मजकूर लिहायचा एडिटर आहे, यात नुसता मजकूर असतो, तो कसा दिसावा हे आपण आपल्या मशीनला सांगून ठेवायचं. हे मी अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं मला स्वतःलाच इतकं सवयीचं होतं, की सांगायचं सुचलं नाही. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

माझ्याकडे मागे पोट सुटलेल्या मॉनिटरचा एक जुना कॉम्प्युटर पडून होता. भंगारवाल्यानेही त्याच्याकडे बघून मान हलवली होती. तो मी मोठ्या मनाने काकांना दिला. काकांनी पहिल्यांदा त्यावर 'कॉम्प्युटर' असं उमटवलं. टायपिंग ते ब्रशच्या दांड्याने करत. बोटाने दाबलं की दोन अक्षरं पडतात, दांडा सरळ जातो, असं त्यांचं म्हणणं. आणि फॉन्टची यादी घेऊन ते असे बसत, जसे लोक मुलीसाठी स्थळं बघायला बसतात.

"ह्यो नको. डोक्यावरची रेघ बगा की, कपडं वाळत घालायची दोरी. ह्यो बी नको, ह्याचा ल आपल्या शाळंतला न्हाई. ह्यो जरा बरा हाय, पन ह्याची येलांटी वरच्या वळीच्या उकारात आडकती."

"काका, लिहिताय काय पण?" मी विचारलं.

"लिवायचं मागनं बगू. आदी दिसू तर द्या."

ते काय लिहिणार आहेत हे मला काकूंकडून कळलं.

काकांचे थोरले भाऊ, दादा, आंबीला राहत. तळेगावपासून आंबी ती किती लांब! पण सदतीस वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. जमिनीवरून नाही, वाटणीवरून नाही. दादा चौथीपर्यंत शिकले आणि धाकट्याला शिकता यावं म्हणून नांगराला लागले. लिहिण्याशी त्यांचा पुढे संबंध आला तो एकदाच. जत्रेआधी भैरवनाथाच्या देवळाला चुना लावला, तेव्हा त्यांनी बाभळीच्या काडीचा ब्रश केला आणि दोन दिवस खपून गेरूने भिंतीवर लिहिलं: श्री भैरवनाथ प्रसन्न. अक्षर एखादं लहान, एखादं मोठं, ओळ उताराला लागलेली. काका तेव्हा डेपोत नवे, हातात कला, अंगात मस्ती. सुट्टीवर आले, भिंत बघितली आणि दादा शेतावर असताना सगळं चुन्याने पुसून त्या जागी स्टेन्सिलच्या पत्र्याने ऑइलपेंटची अक्षरं उमटवली. एकसारखी, ताठ. गावाने वाहवा केली. दादांनी संध्याकाळी येऊन भिंतीकडे बघितलं, देवाला नमस्कार केला आणि घरी गेले. ते त्या दिवसापासून काकांशी बोलले नाहीत. काका घरी आले की ते उठून गोठ्यात जात.

"आन् आता त्यांची नजर चाललीय," काकू म्हणाल्या. "एक डोळा गेलाच. दुसऱ्याला डाक्टर म्हनला, वरीसभर दिसंल. ह्यांना माफी मागायचीय. पन त्वांड उघडत न्हाई."

"मग चिठ्ठी लिहून सुनेला वाचायला सांगा ना," मी खाली जाऊन काकांना म्हणालो. दादांची सून गावातल्या दूध डेअरीत कॉम्प्युटरचं काम करायची, घरी तिचा लॅपटॉप होता.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "माफी दुसऱ्याच्या तोंडनं आयकली, तर ती दुसऱ्याचीच व्हती साहेब. दादांनी सोता वाचली पायजे."

अडचण अशी, की दादांना कागदावरचं दिसेना. पांढरा कागद नुसता चमकायचा. पण सुनेने काकूंना फोनवर एक गोष्ट सांगितली होती. एसटीच्या कपाळावर जी पिवळी दिव्यांची अक्षरं असतात, ती दादांना दिसतात. परवा फाट्यावर उभे असताना त्यांनी 'वडगाव' बरोबर वाचलं.

तेव्हापासून काकांना दुसरं काही सुचेना. काळी पाटी, पिवळी अक्षरं. म्हणजे ज्या म्हशीला ते हसले होते तीच. पण पिवळा कुठला? लिंबाचा फार टोचतो, हळदीचा मंद पडतो, झेंडूचा बरा. अक्षर किती जाड? फार जाड केलं तर 'व'चं पोट बुजतं. ओळी किती लांब? एका नजरेत मावतील एवढ्याच.

मग परीक्षा. काकांनी काकूंचा जुना चष्मा घेतला, एका काचेवर काळा कागद चिकटवला, दुसरीवर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. कॉम्प्युटर खोलीच्या टोकाला, आणि खुर्ची पडवी ओलांडून दारात, मोजून दहा पावलांवर. रोज ऑफिसातून आलो की मला त्या खुर्चीत बसावं लागे.

"वाचा."

"'कणीस.'"

"आन् खाली?"

"दिसत नाही, काका. तेल नाकावर आलंय."

"मंग न्हाई जमलं," म्हणून ते ओळींमधलं अंतर आणखी एक केसभर वाढवत. माझी बायको बसली, मुलगी बसली. गॅसचा सिलिंडर आणणारा बसला. माझ्या नाकाला आठवडाभर खोबरेलाचा वास होता आणि ऑफिसात लोक विचारत होते, घरी काही कार्य आहे का.

महिन्याभराने तेलाच्या चष्म्यातून आम्ही सगळे फडाफडा वाचायला लागलो, तेव्हा काका दार लावून बसले आणि त्यांनी चिठ्ठी लिहिली. पेनड्राइव्हवर ती मी घेतली. आंबीला न्यायची जबाबदारी मीच अंगावर घेतली. "काही काळजी करू नका," मी म्हणालो, "दोन मिनिटांचं काम आहे."

दादा आंघोळ करून, टोपी घालून, सुनेच्या लॅपटॉपसमोर बसले होते. धाकट्याने काहीतरी धाडलंय एवढंच त्यांना माहीत. सुनेने फाइल उघडली.

झक्क पांढरी पाटी. तिच्या वरच्या कोपऱ्यात, तीळ सांडावेत तशी, काळी बारीक अक्षरं.

ते उरलेलं अर्धं वाक्य मला तिथे आठवलं. दिसणं आपल्या मशीनवर राहतं, फाइलबरोबर नुसता मजकूर जातो. झेंडूचा पिवळा, सैल ओळी, पोट न बुजलेला 'व', सगळं तळेगावात काकांच्या कॉम्प्युटरमध्येच राहिलं होतं. वीस वर्षांची माझी नोकरी, आणि हे मला आंबीच्या ओटीवर कळलं.

दादा पुढे झुकले. मान तिरपी करून चांगल्या डोळ्याने पाटी धुंडाळली. मग मागे झाले.

"पांढरं हाय," ते म्हणाले.

"दादा, एक मिनिट, मी मोठं करतो..." मी कळा शोधायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या." ते उठले. "सदतीस वर्सांनी धाडलं, त्ये बी कोरं. सांगा त्याला, पोचलं." आणि ते गोठ्यात निघून गेले.

परत येताना सोमाटण्याच्या बाजूला वळून चहा प्यावा आणि घरी जाऊच नये, असं मनात आलं. पण घर त्यांचंच होतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आक्षर हितंच ऱ्हायलं?"

"हो."

"आन् दादांना वाटलं, मी कोरं धाडलं."

"काका, मी उद्या जातो. त्यांच्या लॅपटॉपवर हेच रंग, हाच आकार लावून देतो. दोन मिनिटं..."

"तुमच्या दोन मिंटावं येकदा इसवासलो," काका म्हणाले. मग आत बघून ओरडले, "अगं ये! गोधडी काड! मशीनच न्यायचं!"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दुधाच्या टेम्पोतून निघालो. मॉनिटर गोधडीत गुंडाळून काकूंच्या मांडीवर, लेकराला डॉक्टरकडे न्यावं तसा. कॉम्प्युटरचा डबा माझ्या मांडीवर. काका मधे, हातात वायरी, नवा सदरा. अख्ख्या वाटेत ते एकदाच बोलले.

"काचंला हात लावू नको, बोटं उमटत्यात."

"माज्या बोटाला बी आता पाटी लावा," काकू म्हणाल्या.

ओटीवर आम्ही सगळं मांडलं, वायरी जोडल्या, बटण दाबलं. काही झालं नाही. सून आतून म्हणाली, "लाईट गेलीय हो. चारला येती."

सव्वातीन वाजले होते. धाकटी भावजय दारात आल्यावर दादांना गोठ्यात जाता येईना. ते भिंतीला टेकून बसले. समोर काका. मधे काळा मॉनिटर. मी त्या घरातल्या माश्या मोजल्या. बऱ्याच वेळाने दादा काकूंकडे तोंड करून म्हणाले, "बाई, त्याला इचार, चा घेतो का."

"घेता का?" काकूंनी तीन हातांवर बसलेल्या नवऱ्याला विचारलं.

"मागनं घेतो म्हनावं," काका म्हणाले.

"मागनं घेत्यात," काकूंनी कळवलं.

चारला दहा कमी असताना पंखा हलला. मॉनिटरने कुरकूर केली, उजळला. काकांनी फाइल उघडली. काळ्या पाटीवर झेंडूची अक्षरं उभी राहिली, आणि मी पहिल्यांदाच ती तेल न लावता बघितली.

दादा बसल्या जागेवरून बघत राहिले. मग सरकत सरकत जवळ आले. काचेवर बोट ठेवलं, तर चटचट आवाज झाला, हातावरचे पांढरे केस उभे राहिले. त्यांनी बोट काढलं नाही. काकाही बोटं उमटतात म्हणाले नाहीत. दादा मोठ्याने वाचायला लागले, पहिलीतल्या पोरासारखे एकेक अक्षर जोडत.

"दा-दा. देव-ळा-च्या... भिंती-वरचं... तुमचं अक्षर... मी पुसलं."

ते थांबले. बोट खालच्या ओळीवर गेलं.

"इचा-रलं... नाही. माझं... चुकलं. भै-रव-ना-था-त-ल्या... 'व'चं पोट... तुम्ही... मोठं... काढलं होतं. ते... मला... अजून... दिसतं."

एवढीच चिठ्ठी. ती वाचायला दादांना पाव तास लागला असेल. शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली, या वेळी मनात. काका जमिनीकडे बघत होते.

"ह्ये पुसता येतं का?" दादांनी विचारलं. काकूंना नाही, थेट काकांना.

काकांनी वर बघितलं. "येतं, दादा."

"मंग पूस."

काकांनी हातातला दांडा खाली ठेवला आणि बोटानेच कळ दाबून धरली. अक्षरं शेवटापासून मागे जायला लागली. 'दिसतं' गेलं, 'अजून' गेलं, 'व'चं पोट गेलं, 'चुकलं' गेलं. दादा चांगला डोळा काचेजवळ नेऊन एकेक अक्षर जाताना बघत होते, माणूस पेरणी बघतो तसे. 'पुसलं' पुसलं गेलं. भिंत गेली, देऊळ गेलं. पाटीवर एकच शब्द राहिला.

"थांब," दादा म्हणाले. "त्येवढं ऱ्हाऊ दे."

काकांनी बोट उचललं. काळ्या पाटीवर झेंडूच्या रंगात 'दादा', आणि पुढे लुकलुकणारी एक उभी रेघ.

"आता चा घे," दादा म्हणाले.

कॉम्प्युटर आम्ही परत आणला नाही. काका दर शनिवारी आंबीला जात, त्या शब्दापुढे गावातल्या, डेपोतल्या चार ओळी ब्रशच्या दांड्याने लिहीत, दादा वाचत, आणि मग काका शब्दापर्यंत सगळं पुसत. डॉक्टरने सांगितलेल्या वर्षापेक्षा ते चार महिने जास्त चाललं. नंतर काका तेच मोठ्याने वाचून दाखवत. त्यांचं तोंड तोपर्यंत उघडायला लागलं होतं.

ती मांडणी मी त्या दिवशी चहा येईपर्यंत एका कागदावर उतरवून घेतली होती. रंग, आकार, जाडी, दोन ओळींतलं अंतर. तेव्हा ती मला काही लागणार नव्हती. आता माझ्याच डोळ्यांना लागते. नवी फाइल उघडली की अजूनही पहिल्यांदा माझ्या हातून तोच शब्द टाइप होतो. तो ठेवून मी पुढे लिहितो, आणि ते जिथे जायचं तिथे पाठवून झालं की मागे येत येत सगळं पुसतो, तेवढं सोडून.